स्वच्छंदतावादी साहित्य

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उदयाला आलेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहरलेला साहित्यप्रवाह. रोमँटिसिझम या नावानेही तो ओळखला जातो. व्यक्तीची भावना आणि कल्पनाशक्ती यांना या प्रवाहाने साहित्याच्या केंद्रस्थानी आणले. निसर्ग आजवर कवितेची सजावट होता, तो आता कवीच्या मनाशी बोलू लागला. जर्मनी, फ्रान्स, इटली, रशिया अशा अनेक देशांत या प्रवाहाने वेगवेगळी रूपे घेतली. या नोंदीचा भर इंग्रजी कवितेवर आहे, कारण निसर्ग आणि भावना यांचे नाते त्या कवितेत फार बारकाईने तपासले गेले.

या प्रवाहाची पूर्वतयारी इंग्लंडबाहेर झाली. फ्रेंच विचारवंत रूसोने माणसाच्या सहजप्रवृत्तींवर विश्वास दाखवला. जर्मन लेखक गटेच्या ‘तरुण वेर्टरची दुःखे’ (१७७४) या कादंबरीने प्रेमभंगाची व्यथा तरुण पिढीच्या जिव्हाळ्याचा विषय केली. कालिदासाचाही इथे संबंध येतो. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सने ‘शाकुंतल’ १७८९ मध्ये इंग्रजीत आणले आणि त्यावरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केले. वृक्षवेलींना सख्या मानणारी, हरिणाच्या पाडसाचा निरोप घेताना गहिवरणारी शकुंतला वाचून गटे आणि जर्मन विचारवंत हेर्डर भारावून गेले. निसर्ग आणि माणूस यांच्यातले ज्या आत्मीयतेचे नाते जर्मन लेखक शोधत होते, ते त्यांना या नाटकात घडलेले दिसले.

इंग्लंडमध्ये १७९८ साली ‘लिरिकल बॅलड्स’ हा छोटा संग्रह कवींच्या नावांशिवाय प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक कविता विल्यम वर्ड्‌स्वर्थच्या (१७७०–१८५०) आणि चार सॅम्युएल टेलर कोलरिजच्या (१७७२–१८३४) होत्या. आरंभी कोलरिजची वृद्ध खलाशाची कथा आणि अखेरीस वर्ड्‌स्वर्थची टिंटर्न ॲबी या जुन्या मठाजवळ सुचलेली कविता, अशी त्याची रचना होती. भिकारी, वेडसर मुलगा, टाकून दिलेली स्त्री अशी माणसे त्यात आली, आणि तीही साध्या बोलीत. दुसऱ्या आवृत्तीला (१८००) वर्ड्‌स्वर्थने प्रदीर्घ प्रस्तावना जोडली. कविता म्हणजे प्रबळ भावनांचा उत्स्फूर्त ओघ, हे त्यातले विधान फार गाजले आणि त्याहून जास्त विपरीत समजले गेले. ज्याने दीर्घकाळ आणि खोल विचार केला आहे त्याच्याच हातून चांगली कविता घडते, असे तो तिथेच बजावतो. शांतपणे आठवलेली भावना मनात पुन्हा जागी होते आणि त्या क्षणी निर्मिती सुरू होते, असे त्याचे म्हणणे आहे. या कवींवर भाबडेपणाचा आरोप करण्यापूर्वी ही प्रस्तावना मुळापासून वाचायला हवी.

वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल फुलांवरची कविता या म्हणण्याचा उत्तम दाखला आहे. १५ एप्रिल १८०२ रोजी तो आणि त्याची बहीण डोरोथी अल्सवॉटर तलावाच्या काठाने चालले होते. वारा जोराचा होता. डोरोथीने रोजनिशीत लिहिले आहे की काही फुले थकून दगडांवर मान टेकल्यासारखी दिसत होती, तर बाकीची वाऱ्याबरोबर डोलत, नाचत, हसत होती. कविता झाली १८०४ मध्ये आणि छापून आली १८०७ मध्ये. त्या कवितेत मात्र कवी एकटाच भटकतो आहे, बहीण नाही. शेवटच्या कडव्यात ती फुले एकांतात अंतश्चक्षूंपुढे चमकून जातात. हे सांगणाऱ्या दोन ओळी पत्नी मेरीने सुचवल्याचे वर्ड्‌स्वर्थने स्वतः सांगितले आहे. एकाकी प्रतिभावंताची म्हणून जी कविता जगभर पाठ केली जाते, तिच्यात दोन स्त्रियांची नजर आणि शब्द आहेत. डोरोथीच्या रोजनिशा तिच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या नाहीत. स्वच्छंदतावादाच्या इतिहासात तिला आजही तळटीपेची जागा मिळते, हे अन्यायाचे आहे.

निसर्ग नेहमीच दिलासा देतो, असे मात्र हे कवी मानत नव्हते. कोलरिजची विषण्णतेवरची कविता तेच सांगते. पश्चिमेचे रंगलेले आकाश, चंद्रकोर, तारे हे सारे त्याला दिसते, पण त्यांचे सौंदर्य मनाला भिडत नाही. आपण देतो तेवढेच निसर्गाकडून परत मिळते, हा त्याचा निष्कर्ष. ही कविता ४ ऑक्टोबर १८०२ रोजी, नेमकी वर्ड्‌स्वर्थच्या लग्नाच्या दिवशी, वृत्तपत्रात छापून आली.

राजकारणापासून पळून हे कवी रानात गेले, हा समजही अपुरा आहे. तरुण वर्ड्‌स्वर्थने फ्रेंच राज्यक्रांती जवळून पाहिली होती, आणि तिच्या रक्तपाताने झालेली निराशा त्याच्या डोंगरदऱ्यांच्या ओढीमागे आहे. विल्यम ब्लेकने (१७५७–१८२७) लंडनची धुराडी साफ करायला त्यांत उतरणाऱ्या लहान मुलांवर कविता लिहिल्या. शेलीची (१७९२–१८२२) पश्चिम वाऱ्याला उद्देशून लिहिलेली कविता १८१९ सालची, फ्लॉरेन्सजवळच्या रानातली. वाळकी पाने उधळणारा तो वारा तिच्यात जुनी व्यवस्था उडवून नेणारी शक्ती होतो. त्याच वर्षी मँचेस्टरच्या सभेत निःशस्त्र कामगारांवर घोडदळ घातले गेले, तेव्हा शेलीने सत्ताधाऱ्यांची नावे घेऊन दीर्घकविता लिहिली, पण ती त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्येच छापता आली. बायरन (१७८८–१८२४) ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात सामील व्हायला गेला आणि तिथेच तापाने वारला.

या सर्वांत जॉन क्लेअर (१७९३–१८६४) वेगळा. तो तेव्हाच्या नॉर्दॅम्प्टनशरमधल्या हेल्पस्टन गावचा शेतमजूर. १८०९ च्या कायद्याने त्याच्या गावची गायराने आणि मोकळी माळराने कुंपणे घालून वाटली गेली. ज्या वाटांनी तो लहानपणी हिंडला त्या बंद झाल्या, झाडे तोडली गेली. इतरांनी निसर्ग पाहिला, क्लेअरचा तो हिरावला गेला. पक्ष्यांची घरटी, त्यांतल्या अंड्यांवरच्या रेघा यांची त्याने केलेली वर्णने इतकी नेमकी आहेत की आज पक्षी-अभ्यासकही ती आवडीने वाचतात. आयुष्याची शेवटची दोन दशके त्याने मनोरुग्णालयात काढली.

जॉन कीट्सला (१७९५–१८२१) पुरती २६ वर्षेही मिळाली नाहीत. शिक्षणाने तो औषधविद्येचा. धाकटा भाऊ क्षयाने गेल्यावर काही महिन्यांतच, १८१९ च्या वसंतात, त्याने नाइटिंगेल पक्ष्यावरची कविता लिहिली. सप्टेंबरमध्ये विंचेस्टरजवळ फिरून आल्यावर शरदावरची कविता झाली. पिकलेली फळे, मधाने भरलेली पोळी, कापणीनंतरचे रान एवढेच तिच्यात आहे. ‘मी’ हा शब्द एकदाही येत नाही. भावना इतकी संयत करूनही ती वाचकापर्यंत पोचवणे, ही मला या साऱ्या परंपरेतली सर्वोच्च कमाई वाटते.

मराठीत हा प्रवाह इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. केशवसुतांनी (१८६६–१९०५) त्यातले बंड आणि आत्मनिष्ठा घेतली. सुनीत (सॉनेट) हा चौदा ओळींचा रचनाप्रकार त्यांनीच मराठीत आणला, आणि ‘तुतारी’त रूढींवर हल्ला चढवला. निसर्गाची ओढ सर्वांत उत्कटपणे प्रकटली ती बालकवी ठोंबरे यांच्या कवितेत (१८९०–१९१८). आठ ओळींच्या त्यांच्या ‘औदुंबर’मध्येही ‘मी’ नाही. झरा, चार घरांचे गाव, पांढरी पायवाट, काळा डोह एवढ्यावर मनाची एक अवस्था उभी राहते. त्यामुळे बालकवींचे नाते वर्ड्‌स्वर्थपेक्षा कीट्सच्या शरदाशी अधिक जवळचे आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळ या कवींच्या गटाने प्रेमभावनेला आणि काव्यगायनाला महत्त्व दिले. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘शिशिरागम’मध्ये (१९३९) बालकवींची छाया स्पष्ट दिसते. ‘काही कविता’मध्ये (१९४७) ती ओसरली, आणि यंत्रयुगातल्या शहराचा अनुभव मराठी कवितेत आला.