हिरवी पट्टी रिफ्रेश केल्यावर कुठे जाते?

नवी साइट सुरू झाली की पहिल्या आठवड्यात हा फोन ठरलेला: "ऑर्डर टाकून बघितली, 'ऑर्डर मिळाली' अशी हिरवी पट्टी आली. रिफ्रेश केलं तर गायब. ऑर्डरही गेली का?" नाही गेली. पट्टी एकदाच दिसावी, अशीच आम्ही ती बसवतो.

ऑर्डरचं बटण दाबल्यावर सर्व्हरने तिथल्या तिथे पान दाखवलं, तर रिफ्रेश करणाऱ्याची तीच ऑर्डर पुन्हा जाऊ शकते. (ब्राउझर आधी विचारतो, पण घाईत कोण वाचतं!) म्हणून नोंद झाली की सर्व्हर ब्राउझरला दुसऱ्या वेब-पत्त्यावर (यूआरएलवर) पाठवतो. हा रीडायरेक्ट, त्याचा क्रमांक ३०२. तो 'पान सापडलं नाही' सांगणाऱ्या ४०४ चाच भाऊबंद, फक्त सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. ब्राउझर तिकडे रिकाम्या हातांनी जातो, फॉर्ममधलं काही सोबत नेत नाही. मग पुढच्या पानाला कळायचं कसं?

आम्ही साइट लाराव्हेलमध्ये (वेबसाइट बांधायच्या तयार चौकटीत) बांधतो. ऑर्डर क्रमांक पत्त्यातच घालतो, म्हणजे कितीही रिफ्रेश केलं तरी तेच पान उघडतं. हिरव्या पट्टीचा मजकूर सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरने त्या ग्राहकापुरत्या ठेवलेल्या तात्पुरत्या नोंदीत, 'फ्लॅश' करून ठेवतो. तो पुढच्या एका पानापुरता टिकतो. फॉर्म चुकल्यावर आधी भरलेलं नाव-गाव परत दिसतं, तेही असंच. पासवर्ड तेवढा मुद्दाम वगळलेला असतो.

"रक्कम, मोबाइल नंबरही पत्त्यातूनच पाठवा ना, सोपं पडेल," असं काही जण सुचवतात. इथे आम्ही हट्टी आहोत. पत्ता हिस्टरीत राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरतो, व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठेही जातो. शिवाय १०४१ च्या जागी १०४२ टाकून बघणारे असतातच. त्यामुळे ऑर्डर लॉगिन केलेल्याचीच आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासलं जातं.

गूगलवर जाहिरात देत असाल, तर एक काम तुमच्याकडे. ऑटो-टॅगिंग चालू असलं की जाहिरातीवरून येणाऱ्याच्या पत्त्याला जीसीएलआयडी नावाची, जाहिरातीवरचा क्लिक ओळखणारी शेपटी असते. डोमेनच्या पॅनेलमधून तुम्ही स्वतः जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर फॉरवर्डिंग लावलं असेल, तर ती वाटेत गळू शकते. पैसे जातात, पण ऑर्डर कुठल्या जाहिरातीने आणली ते कळत नाही. जुन्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि इंग्रजीत 'टेस्ट=१' लिहून एंटर दाबा. नव्या पत्त्यात ते दिसलं नाही, तर आम्हाला फोन करा.