सात पावसाळे थांबणारी कारवी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांच्या परिसरात कारवीचे रान आहे. खरखरीत पानांचे हे झुडूप पावसाळ्यात हिरवेगार होते आणि उन्हाळ्यात त्याच्या नुसत्या काटक्या उरतात. सात वर्षे असे गेल्यावर आठव्या पावसाळ्याच्या अखेरीस सगळा उतार एकदम जांभळा होतो. मुंबईतली कारवी २०००, २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी अशी फुलली. आयुष्यात एकदाच फुलायचे, बी धरायचे आणि मरायचे, असा तिचा जीवनक्रम आहे.

कोणत्याही वनस्पतीची संख्या स्थिर राहायची असेल, तर प्रत्येक झाडामागे सरासरी एकच रोप जगून मोठे व्हावे लागते. बाकीचे बी किडे, पक्षी आणि उंदीर खातात किंवा ते कुजून जाते. दरवर्षी थोडे थोडे बी धरले, तर खाणाऱ्यांना नेमाने अन्न मिळते आणि त्यांची संख्याही त्या बेताने टिकून राहते. याउलट सात वर्षे काहीच न देता आठव्या वर्षी सारे एकदम दिले, तर आधीच्या उपासमारीमुळे खाणारे थोडे असतात आणि त्यांची पोटे भरूनही बी उरते. एकगठ्ठा फुलणाऱ्या बांबूंच्या बाबतीत अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९७६ मध्ये हा विचार सविस्तर मांडला. कारवीलाही तो लागू पडतो, असे मला वाटते.

हा हिशेब अर्थातच झाडाला कळत नाही. एखादे झुडूप चुकून सहाव्या वर्षी एकटेच फुलले, तर मधमाश्या त्याच्याकडे फारशा फिरकणार नाहीत, आणि जे थोडे बी धरेल त्यावर आसपासचे सगळे भुकेले जीव तुटून पडतील. अशा झुडपाचा वंश मागे राहत नाही, तर सर्वांबरोबर फुलणाऱ्यांचा वाढतो. पिढ्यान्‌पिढ्या हीच निवड होत गेली की सगळ्या रानाचे वेळापत्रक एक होते.

खाणाऱ्यांच्या बाजूने याच गोष्टीचे रूप भीषण असू शकते. मिझोराममध्ये सुमारे ४८ वर्षांनी ‘माउताम’ येतो, म्हणजे तिथला मुख्य बांबू एकदम फळतो. त्या फळांवर उंदरांची संख्या बेसुमार वाढते आणि फळे संपताच ते शेतांत शिरतात. १९५९ च्या सुमारास तिथे यातूनच दुष्काळ पडला.

कारवीची फळे फुलोऱ्यानंतर लगेच उकलत नाहीत. वाळलेली बोंडे पुढच्या पावसाळ्यापर्यंत काटक्यांवरच राहतात आणि पहिल्या सरींचा ओलावा लागताच फुटून बी दूर उडवतात. त्या दिवशी उतारावर उभे राहिले, तर चहूकडून फटफट असा आवाज ऐकू येतो.

कारवीचे खरे नाजूक महिने मात्र त्याआधीचे, फुलोरा आणि पाऊस यांच्यामधले असतात. तेव्हा झुडपे मेलेली दिसतात; कुडाच्या भिंतींसाठी किंवा सरपणासाठी ती तोडली, तरी काही बिघडणार नाही, असे वाटते. प्रत्यक्षात त्या उताराची पुढची पूर्ण पिढी त्या काटक्यांवर असते आणि एखादा वणवा ती एका दुपारी संपवू शकतो. २०२५ च्या पावसात रुजलेली रोपे त्यातून वाचलेल्या बियांची आहेत. त्यांचा फुलोरा २०३२ मध्ये अपेक्षित आहे.