हायब्रिडोमा: जोडणी १९७५ची, चाळण्या त्याआधीच्या

मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेल्या एकसारख्या प्रतिपिंडांचा इतिहास सहसा ऑगस्ट १९७५मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधापासून सांगितला जातो. केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत जॉर्ज कोहलर आणि सेझार मिल्स्टीन यांनी उंदराच्या प्लीहेतल्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी मायलोमा, म्हणजे न थांबता वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींशी जोडल्या. अशा संकरित पेशीला हायब्रिडोमा म्हणतात. पण पेशी जोडणं तेव्हा नवं नव्हतं. मिल्स्टीन यांच्याच प्रयोगशाळेत दोन मायलोमा पेशी १९७३मध्ये जोडून झाल्या होत्या. जोडलेल्या आणि न जोडलेल्या पेशींच्या गर्दीतून नेमकी हवी ती पेशी वेगळी कशी काढायची, हा खरा पेच होता, आणि तो सोडवणारे तुकडे आधीपासून वेगवेगळ्या ठिकाणी पडून होते.

पहिला तुकडा मायलोमाचा. अमेरिकेत मायकेल पॉटर यांनी बाल्ब-सी जातीच्या उंदरांच्या पोटात खनिज तेल टोचून प्रतिपिंड बनवणाऱ्या गाठी तयार केल्या होत्या. केंब्रिजची पेशीरेषा (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी) त्यांतूनच आली. दुसरा तुकडा हॅट माध्यमाचा, म्हणजे पेशी वाढवण्याच्या एका द्रावणाचा, लिटलफील्ड यांनी १९६४मध्ये वापरलेला. त्यातलं अमिनोप्टेरिन न्यूक्लिओटाइड (डीएनएचे घटक) नव्याने घडवण्याचा मार्ग बंद करतं. मग पेशीला तयार हायपोझँथिन आणि थायमिडिनवर भागवावं लागतं. निवडलेल्या मायलोमात हायपोझँथिन वापरणारा विकर (एन्झाइम) नसतो, म्हणून ती मरते. प्लीहेच्या पेशीत तो असतो, पण ती प्लेटमध्ये फार दिवस जगतच नाही. उरते ती फक्त जोडलेली पेशी.

तिसरा तुकडा म्हणजे चाचणी. प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवायचा तो पदार्थ) म्हणून मेंढीच्या तांबड्या पेशी निवडल्या, कारण नील्स येर्ने यांची प्लाक चाचणी त्यांच्यासाठी तयार होती: प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीभोवती तांबड्या पेशी फुटून स्वच्छ वर्तुळ दिसतं. कोहलर, मिल्स्टीन आणि येर्ने यांना १९८४चं नोबेल एकत्र मिळालं. पेटंट मात्र घेतलं गेलं नाही. ब्रिटनच्या संबंधित महामंडळाला त्यात तातडीचा व्यवहारी उपयोग दिसला नाही!

मूळ पेशीरेषेत एक खोट होती. ती स्वतःचाही प्रतिपिंड स्रवत असे, त्यामुळे संकरित पेशीत दोन्हीकडच्या प्रतिपिंडांच्या प्रथिनसाखळ्या एकमेकींत मिसळत. १९७८मध्ये आलेली एसपी२/० ही न स्रवणारी रेषा म्हणूनच आजही चालते. जोडणीसाठी सुरुवातीला निष्क्रिय सेंडाई विषाणू वापरला जाई. त्याची जागा पुढे पॉलिइथिलीन ग्लायकॉलने घेतली.

कृती आता ठरून गेली आहे. प्लीहेच्या पाच ते दहा पेशींमागे एक मायलोमा पेशी, सुमारे ५० टक्के ग्लायकॉल मिनिटभरात थेंबाथेंबाने, मग तितक्याच सावकाश पातळ करणं. घाई केली की पेशी फुटतात. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये दहा ते चौदा दिवसांनी चाचणीजोग्या वसाहती दिसतात. मायलोमा जोमाने वाढत्या अवस्थेतलीच हवी, आणि अधूनमधून ८-अझाग्वानिनमध्ये (हा विकर असलेल्या पेशींना ते मारतं) वाढवून विकर परत मिळवलेल्या पेशी काढून टाकाव्या लागतात. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाणूची लागण असेल तर माध्यमातलं थायमिडिन तो फस्त करतो आणि जोडलेल्या पेशीही मरतात; दोष मात्र ग्लायकॉलच्या माथी मारला जातो. चांगल्या वसाहतीचं क्लोनिंग, म्हणजे एकेका पेशीपासून वेगळी वसाहत वाढवणं, लांबवू नये. संकरित पेशी गुणसूत्रं गमावतात, आणि स्रवणं थांबलेल्या पेशी वेगाने वाढून बाकीच्यांना मागे टाकतात. वेलमागे अर्ध्याहून कमी पेशी पडेल इतकं विरल करून क्लोनिंग निदान दोनदा करतात.

तांबड्या पेशींच्या चौकटीतून हे तंत्र सुटलं ते विकराच्या खुणेवर चालणाऱ्या एलायझा चाचणीमुळे. यॅलो आणि बर्सन यांची रेडिओइम्युनोॲसे, म्हणजे किरणोत्सारी खुणेची चाचणी, १९५९-६०ची. ती संवेदनशील होती, पण किरणोत्सारी आयोडीन सांभाळावं लागे. १९७१मध्ये स्टॉकहोमला एंगवाल आणि पर्लमान यांनी, आणि स्वतंत्रपणे नेदरलँड्समध्ये व्हॅन वेमेन आणि शूर्स यांनी किरणोत्साराऐवजी विकर जोडला. आता प्रतिजन प्लास्टिकवर चिकटवून शेकडो वेल एका दिवसात तपासता येऊ लागले. यातला धोका असा की प्लास्टिकवर प्रथिनाची घडी अंशतः उलगडते. तिथे जिंकलेला क्लोन रक्तातल्या मूळ प्रथिनाला ओळखेलच असं नाही. अंतिम वापर ज्या स्वरूपात आहे, त्याच स्वरूपात पहिली तपासणी करावी. हा नियम सर्वांना पाठ असतो आणि वेळ वाचवण्यासाठी सर्रास मोडला जातो.

एकाच रेणूवरच्या दोन वेगळ्या जागा ओळखणारे दोन क्लोन मिळाले की रेणू दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडणारी सँडविच चाचणी एकाच टप्प्यात उरकते. गर्भारपणाच्या घरगुती पट्ट्या त्यावरच चालतात. तिथेच हूक परिणामही येतो: संप्रेरक अतोनात असेल तर दोन्ही प्रतिपिंड वेगवेगळ्या रेणूंवर अडकतात, सँडविच बनतच नाही आणि आकडा खोटा कमी येतो. द्राक्षगर्भात (गर्भाऐवजी वारेच्या ऊतींची द्राक्षांसारखी वाढ) एचसीजी या गर्भारपणाच्या संप्रेरकाबाबत हे घडतं. नमुना दहापट, शंभरपट पातळ करून पुन्हा तपासला की पातळ नमुन्यातून काढलेली मूळ पातळी उलट वाढलेली निघते. रुग्णाच्या रक्तात उंदराच्या प्रतिपिंडांविरुद्धच प्रतिपिंड असले तर गडबड बहुधा उलट्या दिशेने होते. प्रतिजन नसतानाही ते दोन्ही प्रतिपिंडांना सांधतात. म्हणून किटच्या द्रावणात उंदराचं साधं इम्युनोग्लोब्युलिन मिसळलेलं असतं.