‘घरी न्या, सेवा करा’ म्हटल्यानंतर: हॉस्पिसची पार्श्वभूमी

भारतात एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, नोव्हेंबर १९८५मध्ये लागू झाला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनांवर मार्गदर्शिका काढली. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन हे अफूपासून बनणारं औषध द्यावं, शक्यतो तोंडावाटे आणि ठरलेल्या वेळी द्यावं, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. त्याच १९८६ साली वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर ‘शांती अवेदना’ हे भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची वेदना कमी करून त्यांची सेवा करणारं घर, सुरू झालं. म्हणजे ज्या मॉर्फिनवर हॉस्पिसची सगळी मदार, ते या कायद्यामुळे आपल्याकडे दुर्मीळ होऊ लागलं नेमकं त्याच सुमारास हे घर उभं राहिलं. इथल्या हॉस्पिसची वाटचाल इतकी संथ का झाली, याचं बरंचसं उत्तर या दोन वर्षांत आहे.

मरणासन्न माणसांना आसरा देणाऱ्या जागा जुन्याच आहेत. फ्रान्समधल्या ल्योंमध्ये १८४२पासून, डब्लिनमध्ये १८७९पासून अशी घरं होती. काशीतलं मुक्तिभवन १९५८पासून आहे. तिथे निवारा होता, माया होती, प्रार्थना होती. वेदनेवर मात्र फारसा इलाज नव्हता. तो आणला सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंनी. त्या आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावं लागलं, म्हणून रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना वॉर्सामधून आलेला डेव्हिड टास्मा हा कॅन्सरचा रुग्ण भेटला. लंडनमध्ये त्याचं म्हणावं असं कुणी नव्हतं. मरणाऱ्या माणसासाठी कशी जागा असावी, यावर दोघं तासन् तास बोलत. १९४८मध्ये तो गेला तेव्हा त्यानं त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले होते: तुमच्या त्या घराची एक खिडकी माझी असू दे, म्हणून. ते घर उभं राहायला पुढे एकोणीस वर्षं लागली.

मधल्या काळात सॉन्डर्स बाईंनी वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि १९५७मध्ये त्या डॉक्टर झाल्या. लंडनच्या हॅकनी भागात ख्रिस्ती भगिनी चालवत असलेल्या सेंट जोसेफ्समध्ये त्यांनी कामाला सुरुवात केली. तोवर बहुतेक रुग्णालयांत वेदना असह्य झाली, रुग्णानं गयावया केली, की मग इंजेक्शन मिळे. सॉन्डर्स बाईंनी क्रम उलटा केला. औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, म्हणजे आधीच्या मात्रेचा असर संपण्यापूर्वीच पुढची मात्रा पोटात जाते आणि वेदनेला डोकं वर काढायला वाव मिळत नाही. अशा रीतीनं औषध मिळालेले रुग्ण गुंगीत पडून राहत नव्हते. जेवत होते, पत्रं लिहीत होते, घरच्यांशी बोलत होते. या नोंदी त्यांनी चिकाटीनं ठेवल्या, म्हणून पुढे डॉक्टरांना त्या मानाव्या लागल्या. माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं, त्यात भीती असते, मुलांची काळजी असते, पैशाची विवंचना असते, देवावरचा राग असतो. या सगळ्याचा मिळून विचार केला तरच वेदना कमी होते, हीही त्यांचीच मांडणी. १९६७मध्ये लंडनच्या दक्षिणेला सेंट ख्रिस्तोफर्स सुरू झालं आणि दोनच वर्षांत तिथली माणसं रुग्णांच्या घरी जाऊ लागली.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१पासून आहे. देशभरातून रुग्ण परळला येतात आणि सोबतची माणसं धर्मशाळेत, भाड्याच्या खोलीत, कधी फुटपाथवर दिवस काढतात. उपचारांचा उपयोग होत नाही असं दिसलं की एक वाक्य ऐकायला मिळतं: ‘आता घरी न्या, सेवा करा.’ सांगणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, पण चिघळणारी जखम, अन्न देण्यासाठी घातलेली नळी, रात्रभराचं कण्हणं हे सगळं घेऊन बिहारमधल्या किंवा कोकणातल्या गावी गेलेल्या बायकोनं सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या वाक्यात नसतं. टाटामधलेच कॅन्सर शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी अशा रुग्णांसाठी ‘शांती अवेदना’ काढलं. कुठल्याही धर्माच्या रुग्णाला तिथे मोफत ठेवून घेतात. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीत त्याच्या शाखा निघाल्या.

पण मॉर्फिनचं काय? भारतात अफूची कायदेशीर शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने आहेत, औषधांसाठीची अफू आपण परदेशी पाठवत आलो. तरी आपल्याच रुग्णाला गोळी मिळत नव्हती. एनडीपीएस कायद्यानं वैद्यकीय वापराला बंदी केलेली नव्हती; पण शिक्षा कडक होत्या आणि वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत. एक परवाना हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. देशातला वैद्यकीय वापर पुढच्या दहा-बारा वर्षांत अगदी तळाला गेला. याहून मोठं नुकसान माझ्या मते वेगळंच आहे: डॉक्टरांच्या एका आख्ख्या पिढीनं मॉर्फिनची गोळी कधी लिहून दिलीच नाही. त्यामुळे व्यसन लागेल, श्वास बंद पडेल ही भीती शिकवण्यातही उतरली. वास्तविक तीव्र वेदनेसाठी, मात्रा बेतानं वाढवत दिलेल्या मॉर्फिननं या गोष्टी क्वचित होतात. हमखास होतो तो मलावरोध. म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं.

कोंडी फोडली ती केरळनं. कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये वेदनाशमनाचं केंद्र काढलं. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की रुग्ण घरी आहे, तर सेवाही घरीच पोचायला हवी. मग गावोगावच्या लोकांना प्रशिक्षण दिलं. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी आठवड्यातले काही तास देऊ लागले, वर्गणीतून परिचारिकेचा पगार निघू लागला. २००८मध्ये राज्यानं या सेवेसाठी धोरण केलं आणि ग्रामपंचायतींनी हे काम अंगावर घेतलं. आपल्यासारख्या देशाला खाटा वाढवण्यापेक्षा हीच वाट परवडणारी आहे, असं मला ठामपणे वाटतं. महाराष्ट्रानं २०१२मध्ये धोरण जाहीर केलं, पण गावपातळीवरचं असं जाळं आपल्याकडे अजून विणलं गेलेलं नाही.

तरी इथे एक मोलाचं काम झालं. पुण्यात वारज्याला १९९७मध्ये सिप्ला या औषध कंपनीचं असं वेदनाशमनाचं केंद्र सुरू झालं. तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं आणि शिकतं: कूस कशी बदलायची, पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा (बेडसोअर) कशा टाळायच्या, जखमेची पट्टी, नळीतून अन्न कसं द्यायचं. वेदना आटोक्यात आली की पुष्कळ रुग्ण घरी परततात. हॉस्पिसमध्ये गेलेला माणूस परत येत नाही, या समजुतीला याहून चांगलं उत्तर नाही. शेवटच्या दिवसांत भूक मंदावते तेव्हा घरचे घाबरून सलाइन लावा म्हणतात. शरीरच मिटत असतं, त्याला आता अन्नाची ओढ नसते, सलाइननं उलट सूज आणि छातीतली घरघर वाढू शकते, हे परिचारिका समजावून सांगते. ओठ आणि तोंड ओलं ठेवणं एवढंच हवं असतं. चमच्यानं पाणी पाजणारी आजी हे आधीपासून करत आली आहे.

अवघड राहतं ते खरं सांगणं. ‘बाबांना कळू देऊ नका’ असं मुलगा बाहेर डॉक्टरांना सांगतो. बाबांनाही बहुतेकदा कळलेलं असतं आणि मुलाला त्रास नको म्हणून ते गप्प असतात. दोन्ही बाजूंना हळूहळू बोलतं करणं, हे या कामातलं औषधाइतकंच महत्त्वाचं कौशल्य. टाटामध्ये २०१२पासून या कामाचं, म्हणजे पॅलिएटिव्ह मेडिसिनचं, एमडीचं शिक्षण सुरू झालं, त्यात संवादाला मानाचं स्थान आहे.

आणखी एक गोंधळ कायद्याचा. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कृत्रिम जीवरक्षक उपचार थांबवण्याला अटींसह वाट करून दिली. २०१८मध्ये असे उपचार नकोत ही आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याला मान्यता मिळाली, २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी झाली; आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही चालते. त्यामुळे हॉस्पिस म्हणजे मरण देणं, असं काहींना वाटू लागलं. हॉस्पिस मरण जवळ ओढत नाही आणि यंत्रांनी लांबवतही नाही.

२०१४मध्ये एनडीपीएस कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिनसह सहा औषधांसाठी आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच परवानगी पुरते. म्हणून ‘घरी न्या’ असं कानावर आलं तर कुटुंबानं तिथेच विचारावं: आमच्या जिल्ह्यात मॉर्फिन कुठे मिळेल, किती दिवसांचं देता, मधेच कळ आली तर जादा मात्रा किती, रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा. आणि हे विचारायला शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदनाशमनाच्या, विभागात निदानानंतर लगेचही नाव नोंदवता येतं, केमो चालू असतानासुद्धा.