दोडका की घोसाळं? फुलाची वेळ बघा
बेळगावच्या बाजारात कानडी बोलणारी भाजीवाली दोडक्याला ‘हीरेकाई’ म्हणते आणि घोसाळ्याला ‘तुप्पद हीरेकाई’, म्हणजे तुपाचा दोडका. मराठीत नावं वेगवेगळी, कानडीत मात्र दोघी एकाच घरातल्या. मी आठवडी बाजारात नुसतं ‘हीरेकाई’चं बी मागितलं आणि परड्यातल्या मांडवावर चढलं घोसाळं.

फळ हातात आलं की लहान पोरही ओळखेल. दोडक्याला दहा धारदार शिरा असतात, घोसाळं गुळगुळीत, अंगावर फिकट रेघा. पण तोवर दोन महिने गेलेले असतात, म्हणून बी पेरण्याआधीच अंगठ्याने चोळून बघा. दोडक्याचं बी खडबडीत, बारीक खड्ड्याखड्ड्यांचं लागतं. घोसाळ्याचं गुळगुळीत असतं आणि त्याला कडेने पापुद्र्यासारखी पातळ किनार असते.

खरी गोम फुलात आहे. घोसाळ्याचं गर्द पिवळं फूल सकाळी उमलतं. दोडक्याचं फिकट पिवळं फूल दिवस कलल्यावर, साधारण पाच-सहाच्या सुमाराला. हे ठाऊक नसल्याने मी एक अख्खा पावसाळा वाया घालवला. आषाढात इथे झड लागली की मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून परागीकरण हातानेच करायचं ठरवलं, पण रोज सकाळी. दोडक्याची फुलं तोवर मलूल झालेली. बोटाएवढे दोडके पिवळे पडून एकामागोमाग गळाले.

आता संध्याकाळची दिवाबत्ती करण्याआधी मांडवाखाली जाते. नरफुलं घोसाने येतात, मादीफूल एकटं. त्याच्या देठाशी चिमुकला दोडका असतो, त्यावर शिरासुद्धा उमटलेल्या दिसतात. ताजं नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि परागाचा भाग मादीफुलाच्या मधोमध हलक्या हाताने टेकवायचा. घोसाळ्याला हेच काम सकाळी.

दोन्ही कोवळीच काढा. चिरताना तुकडा चाखा. कडू लागला तर फळ टाकून द्या, शिजवल्याने कडूपणा जात नाही आणि पोट बिघडतं. दोडक्याच्या शिरा मात्र टाकू नका, तीळ-खोबरं घालून त्यांची चटणी करा. घोसाळ्याची भजी आमच्याकडे जास्त आवडतात. मांडवावरचं शेवटचं घोसाळं मी तोडत नाही. ते तपकिरी होऊन आत बिया खुळखुळू लागल्या की साल सोलते. आतली जाळी अंग घासायला वर्षभर पुरते, आणि झटकून निघालेलं बी पुढच्या वर्षी पेरायला होतं.