बॅकअपमधून क्लाउडमध्ये उभा राहणारा संगणक : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोदावरीचे पाणी किती चढले, हे नाशिकमध्ये आजही दुतोंड्या मारुतीकडे पाहून सांगितले जाते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये ते पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारातील दुकानांत शिरले. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या काही व्यापाऱ्यांची बॅकअपची हार्ड डिस्क घरच्या कपाटात कोरडी होती. ती जोडायला संगणक मात्र उरला नव्हता. नवा संगणक आणायचा, त्यावर विंडोज चढवायचे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती शोधायची, परवाना पुन्हा सुरू करून घ्यायचा आणि मग कुठे कालची बाकी पाहायची, यात चार-पाच दिवस सहज जातात. हे दिवस काही तासांवर कसे आणता येतात, याची माहिती येथे दिली आहे.

फाइलींचा बॅकअप आणि संगणकाची इमेज

बहुतेक कार्यालयांत रोज संध्याकाळी जे घेतले जाते, तो फाइलींचा बॅकअप असतो. त्यात हिशेबाचा डेटा, एक्सेलच्या फाइली आणि स्कॅन केलेली बिले येतात, पण त्यातून संगणक सुरू होत नाही. इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रत. तिच्यात विंडोज, बसवलेली सॉफ्टवेअर, वापरकर्त्यांचे पासवर्ड, प्रिंटरची मांडणी असे सगळे जसेच्या तसे असते. ही इमेज योग्य स्वरूपात क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर, ठेवली, तर तिच्यापासून व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या सर्व्हरवर चालणारा आपला संगणक, सुरू करता येतो. आपण सिडकोतील घरून किंवा सिन्नरच्या गोदामातून लॅपटॉपवर त्यात शिरता आणि समोर आपलाच डेस्कटॉप दिसतो. एखाद्या कर्मचाऱ्याने वॉलपेपर म्हणून लावलेला मुलाचा फोटोसुद्धा तेथेच असतो.

दोन्हींची गरज वेगळी आहे. बारा बिले चुकून पुसली गेली, तर फाइलींचा बॅकअपच सोयीचा. त्यासाठी अख्खा संगणक उभा करण्याचे कारण नाही. म्हणून आम्ही रोजचा बॅकअप बंद करायला सांगत नाही.

रूपांतर कसे होते

चालू संगणकाची इमेज घेताना विंडोजमधील शॅडो कॉपी ही सोय वापरली जाते. ती एका क्षणाची डिस्क गोठवल्यासारखी धरून ठेवते आणि काम चालू असतानाही प्रत घेता येते. तरीही हिशेबाचे सॉफ्टवेअर त्या वेळी बंद ठेवावे, कारण शॅडो कॉपीला दाद न देणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत पकडली जाऊ शकते. आपल्याकडे आधीच एक पूर्ण बॅकअप आणि त्यावर रोजच्या बदलांची साखळी असेल, तर ती साखळी प्रथम जोडून एकसंध डिस्क तयार करावी लागते. मधली एक जरी कडी खराब असेल, तर तिच्यापुढचे सर्व दिवस हातचे जातात.

पुढचा प्रश्न स्वरूपाचा. विंडोजचा स्वतःचा सिस्टिम इमेज बॅकअप व्हीएचडीएक्स (डिस्कची प्रत ठेवण्याचे एक स्वरूप) फाइल बनवतो. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये ही फाइल, तसेच व्हीएमडीके आणि रॉ स्वरूपाची फाइल आयात करता येते. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरला मात्र व्हीएचडी हे जुने स्वरूप लागते, तेही निश्चित आकाराचे, आणि तो आकार पूर्ण एमबीच्या पटीत असावा लागतो. निश्चित आकार म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर १२० जीबीच भरलेले असले, तरी फाइल ५०० जीबीचीच होते. त्यामुळे आम्ही आधी डिस्कचे विभाजन लहान करतो आणि मगच रूपांतर करतो. संगणक जुन्या बायोसवर सुरू होतो की यूईएफआयवर (विंडोजच्या आधी चालणारी, संगणक सुरू करणारी जुनी आणि नवी यंत्रणा), हेही आधी पाहावे लागते, कारण क्लाउडमधील मशीन त्याच पद्धतीचे निवडले नाही, तर ते सुरूच होत नाही. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलेले असल्यास ते इमेज घेण्यापूर्वी काढावे लागते.

पहिल्यांदा वेळ सर्वात जास्त जातो तो फाइल वर चढवण्यात. १८० जीबीची फाइल २० एमबीपीएसच्या अपलोडवर पाठवायची, तर सरळ गणिताने अखंड २० तास लागतात, आणि पावसाळ्यात अंबड किंवा सातपूरला २० तास अखंड वीज आणि इंटरनेट मिळणे ही भाग्याची गोष्ट आहे. म्हणून पहिली फाइल तुकड्यातुकड्यांत, रात्रीच्या वेळी पाठवली जाते. वर पोहोचलेली फाइल आणि इथली फाइल एकच आहे, याची खात्री चेकसम, म्हणजे फाइलीतील मजकुरावरून काढलेला पडताळणी आकडा, जुळवून केली जाते.

मशीन पहिल्यांदा सुरू करताना

येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण अडचणी येतात त्या येथेच. सातपूरच्या एका ग्राहकाची इमेज व्यवस्थित चढली, मशीन सुरू झाले आणि निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहून थांबले. कारण साधे होते. त्या विंडोजला कार्यालयातील डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) ठाऊक होता. क्लाउडच्या आभासी डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर त्यात नव्हताच. आम्हाला ती डिस्क दुसऱ्या चालू मशीनला जोडून बाहेरून ड्रायव्हर बसवावा लागला. आता हा ड्रायव्हर इमेज घेण्यापूर्वीच आपल्या संगणकावर बसवून ठेवला जातो. रोजच्या कामावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

दुसरी अडचण नेटवर्कची. कार्यालयातील संगणकाला पक्का आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळखक्रमांक) दिलेला असतो, तो क्लाउडमध्ये चालत नाही. मशीन उभे राहते, पण कोणी हाक मारली तर त्याला ऐकू येत नाही, आणि तेथे जाऊन मॉनिटर जोडण्याची सोय नसते. त्यामुळे पत्ता आपोआप घेण्याची मांडणी आणि रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक वापरण्याची सोय) या दोन्ही गोष्टी आधीच चालू करून ठेवाव्या लागतात. रिमोट डेस्कटॉपचे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवण्यास मात्र आमचा ठाम नकार असतो. प्रवेश व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरील बंदिस्त खासगी वाट, यातूनच दिला जातो.

घड्याळाकडेही लक्ष द्यावे लागते. क्लाउडच्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असते आणि विंडोज ती स्थानिक वेळ समजून बसले, तर पडद्यावरची वेळ साडेपाच तास मागे पडते. पहाटे पाच वाजता द्राक्षांच्या गाडीचे बिल करणाऱ्या ग्राहकाच्या बिलावर त्यामुळे आदल्या दिवसाची तारीख येते.

चाचणी नेहमी बाहेरच्या जगाशी संबंध तोडलेल्या नेटवर्कमध्ये केली जाते. उभे राहिलेले मशीन आपल्याला चाचणीसाठी उठवले आहे, हे जाणत नाही; ठरलेल्या वेळी ते थकबाकीची ई-मेल पाठवू लागते. आमच्या हातून सुरुवातीच्या काळात एकदा असे झाले आणि एका ग्राहकाच्या देणेकऱ्यांना एकाच दिवशी दोनदा तगादा गेला. शिवाय बॅकअपमध्ये रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) दडलेले असल्यास ते याच बंद खोलीत उघडकीस येणे बरे.

आमच्या मते सुरू करून न पाहिलेली इमेज असून नसल्यासारखी आहे. म्हणून दर तीन महिन्यांनी एकदा मशीन उभे केले जाते, आपला लेखनिक त्यात शिरतो, आदल्या आठवड्यातील एक बिल उघडून कार्यालयातील प्रतीशी ताडून पाहतो आणि किती वेळ लागला याची नोंद आपल्याला लेखी दिली जाते.

जागा, खर्च आणि परवाने

इमेज भारतातच ठेवली जाते. अ‍ॅमेझॉनचे केंद्र मुंबईत २०१६ पासून आहे आणि अझ्युअरचे पुण्यात आहे. कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या व्यवसायांना इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे. मशीन बंद असताना फक्त साठवणुकीचे भाडे लागते. चालू असते तितक्या तासांचे भाडे वेगळे. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना क्लाउडमध्ये चालत नाही, तेथील परवान्याचे शुल्क भाड्यात धरावे लागते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना दोन ठिकाणी एकाच वेळी चालेल असे गृहीत धरू नये. विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे.

संकट टळल्यावर परतीचा प्रवासही असतो. दोन दिवस क्लाउडमधील मशीनवर बिले केली, तर ती कार्यालयातील नव्या संगणकावर आणावी लागतात, आणि त्या काळात जुन्या संगणकावर कोणीही एकही नोंद करता कामा नये. नाही तर दोन वह्या तयार होतात आणि त्यांचा मेळ हाताने घालावा लागतो.

ज्यांना ही सेवा उपयोगी नाही

सीएनसी यंत्राला जोडलेला, आत खास कार्ड बसवलेला संगणक क्लाउडमध्ये नेऊन काही साधत नाही. वजनकाटा सिरियल पोर्टवर वाचणाऱ्या पॅकहाऊसमधील संगणकाचेही तसेच. यूएसबी डोंगलवर (परवान्याची, संगणकाला जोडायची किल्ली) चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी वेगळी सोय करावी लागते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बिल निघते, पण सावकाश. अशा ठिकाणी तयार ठेवलेला दुसरा संगणक हाच स्वस्त आणि बरा उपाय आहे, आणि आम्ही तोच सुचवतो.

पहिल्या भेटीपूर्वी

आमचा माणूस येईल त्या दिवशी संगणकाच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड जाणणारी व्यक्ती कार्यालयात असावी. बिटलॉकर असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर काढून ठेवावी. संगणकावर अजूनही विंडोज १० असेल, तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असल्याने इमेज घेण्याआधी पुढच्या आवृत्तीचा निर्णय करावा. इमेज घेण्यास साधारण दोन ते तीन तास लागतात; शनिवारी दुपारनंतरची वेळ दिल्यास आपले काम अडणार नाही.