दाबोळीतला चढ

गोव्याला विमानाने जाणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची आहे: कामाच्या दिवशी सकाळी दाबोळीला प्रवासी विमानं नसतात, कारण नौदलाने विमानतळ अडवून ठेवलाय. खरी गोष्ट उलटी आहे. दाबोळी हा नौदलाचा हवाईतळ, ‘आयएनएस हंसा’. प्रवासी विमानं तिथे नौदलाची धावपट्टी वापरतात. सकाळचे ते तास लढाऊ वैमानिकांच्या सरावासाठी राखलेले असतात, आणि तळावर एक जागा अशी आहे की तिथे अकरावीचं भौतिकशास्त्र अक्षरशः उडतं.

आधी थोडा इतिहास. ही धावपट्टी पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात बांधली. १८ डिसेंबर १९६१ला पुण्याहून उडालेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले. टर्मिनलला धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. त्याच रात्री पोर्तुगीजांनी खड्डे घाईघाईने बुजवले आणि उरलेल्या तोकड्या पट्टीवरून दोन विमानं कराचीला निसटली. ‘हंसा’ त्याच वर्षी कोइमतूरजवळ सुलूरला सुरू झाला होता; १९६४मध्ये तो दाबोळीला आला. पहिल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरची सी हॉक आणि अलीझे विमानं इथलीच. १९७१मध्ये सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. नंतर सी हॅरियर आली, मग मिग-२९के. पाणबुड्या हुडकणाऱ्या पी-८आय विमानांची एक तुकडीही २०२२पासून इथे आहे.

विमानवाहू जहाज बंदरात दुरुस्तीला असलं तरी वैमानिकांचा सराव थांबवता येत नाही. म्हणून तळाच्या आवारात जहाजाच्या डेकचीच एक प्रतिकृती बांधलेली आहे. एका टोकाला उतरणारं विमान पकडणाऱ्या पोलादी तारा, दुसऱ्या टोकाला वर वळत गेलेला चढ. हाच स्की-जंप. ‘विक्रमादित्य’ या आपल्या विमानवाहू जहाजावर आहे तसाच, सुमारे १४ अंशांचा.

या चढाबद्दलचा सर्रास गैरसमज असा, की तो विमानाला हवेत फेकतो आणि विमान उडू लागतं. प्रत्यक्षात चढाचं टोक सोडताना विमान पुरतं उडतच नसतं. त्याचा वेग उडण्याइतका झालेलाच नसतो!

ढोबळ आकडे घेऊन गणित करू. समजा टोकाशी वेग सेकंदाला ५० मीटर आहे, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. या वेगाला पंखांना मिळणारी उचल वजनाच्या फक्त ६० टक्के आहे. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती वजनाइतकी व्हायला वेग सुमारे ६५ हवा. इंजिन सेकंदागणिक ५ मीटर प्रतिसेकंद वेग वाढवत असेल, तर त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतील. तेवढे तीन सेकंद कुठून आणायचे, हाच सगळा प्रश्न.

सपाट डेकवरून सुटलं तर विमान या तीन सेकंदांत अकरा मीटरच्या आसपास खाली येईल आणि तेव्हाही सेकंदाला ६ मीटरने बुडतच असेल. खाली समुद्र. आता १४ अंशांचा चढ लावा. ५० गुणिले १४ अंशांची ज्या (साइन), म्हणजे वरच्या दिशेला सेकंदाला १२ मीटरचा वेग मिळाला. अपुऱ्या उचलीमुळे तीन सेकंदांत त्यातला साधारण ६ मीटरचा वेग खर्ची पडतो. तरी ६ उरतो! उचल वजनाइतकी होते त्या क्षणी विमान अजून वरच चाललेलं असतं. आंब्यावर भिरकावलेला दगड वर जाताना मंदावत जातो. इथे दगडाला इंजिन आहे आणि ते पूर्ण जोरात सुरू आहे, एवढाच फरक.

ही कल्पना ब्रिटिश नौदलातले लेफ्टनंट कमांडर डग टेलर यांची, साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या त्यांच्या प्रबंधातली. १९७७मध्ये बेडफर्डला हॅरियरने पहिली उडी घेतली. ब्रिटनच्या ‘हर्मिस’वर १२ अंशांचा चढ बसवला गेला, आणि तेच जहाज १९८७मध्ये आपलं ‘विराट’ झालं. समाजमाध्यमांवर स्की-जंपचे व्हिडिओ ‘भारताचं गुप्त तंत्रज्ञान’ म्हणून फिरतात, ते वाचून वाईट वाटतं. ज्यातलं गणित बारावीची मुलं वहीत सोडवू शकतात, त्याला गूढ बनवण्यात कुणाचंच भलं नाही.

चढाची किंमत मात्र चाकांना मोजावी लागते. वक्रावरून जाताना वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या एवढं त्वरण लागतं. त्रिज्या २०० मीटर धरली तर ते साडेबारा येतं, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सव्वापट. मूळ वजन धरून चाकांवर सव्वादोन पट भार. तेजसच्या नौदल आवृत्तीची चाकं आणि त्यांचे दांडे यासाठीही भक्कम आणि जड केलेले आहेत; शिवाय पंखांच्या मुळाशी कमी वेगात जास्त उचल देणारे ‘लेव्हकॉन’ नावाचे हलते पृष्ठभाग आहेत. विमान सुटण्याआधी डेकमधून वर आलेले अडथळे चाकं धरून ठेवतात, इंजिन आफ्टरबर्नरवर, म्हणजे जास्तीचं इंधन जाळून मिळणाऱ्या पूर्ण जोरावर जातं आणि मगच अडथळे खाली बसतात.

२० डिसेंबर २०१४ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेजस ‘हंसा’च्या या चढावरून पहिल्यांदा उडवलं. टोक सोडतानाचा तो नाजूक काळ विमानाचा संगणकच सांभाळतो, वैमानिकाचे हात विमान वळवण्याच्या दांड्यावर नसतात. ११ जानेवारी २०२०ला तेजस ‘विक्रमादित्य’वर उतरलं आणि दुसऱ्या दिवशी तिथून उडालं. जहाजावर एक सवलत मिळते: ते स्वतः वाऱ्याला सामोरं धावतं, त्यामुळे ३० नॉट वेगाला ताशी सुमारे ५५ किलोमीटरचा वारा समोरून फुकट मिळतो. दाबोळीचा चढ जागचा हलत नाही. पण डेक लाटांवर डोलते, हे संकट दाबोळीला नसतं.

जानेवारी २०२२मध्ये फ्रान्सचं राफाल-एम याच चढावर तपासलं गेलं. ते मुळात कॅटापुल्टने, म्हणजे डेकवरच्या यंत्राने झटक्यात ढकलून सुटणारं विमान, त्यामुळे ते आपल्या जहाजांवरून उडू शकेल का, हे आधी इथेच पाहावं लागलं. एप्रिल २०२५मध्ये अशा २६ विमानांचा करार झाला.